उघडी हेरल्ड, जिप्सीचं इंजिन आणि बडोद्याचे बारा महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९६४ सालची स्टँडर्ड हेरल्ड आहे, तिचं छत काढून ती ओपन केलेली आहे, आणि मामांनी मध्यंतरी तिच्यात मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनचं, इंजिन बसवून घेतलं. तीन वर्षं गाडी इंदूरला झाकून उभी आहे. आता तुम्ही नोकरीसाठी बडोद्याला आलात. गाडी इथं आणून नेहमी वापरता येईल का, की आधी तिचं मूळ इंजिन परत बसवावं?

माझं उत्तर: आणा, आणि जिप्सीचं इंजिन राहू द्या. मात्र गाडी हातात आल्यावर त्या इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो. दांडिया बाजारातल्या माझ्या गॅरेजात तीसेक वर्षं जुन्या गाड्या येतायत आणि माझी स्वतःची हेरल्ड, अगदी तुमच्यासारखी, जिप्सीच्या इंजिनावर चौदा वर्षं पळते आहे. या चौदा वर्षांत मला रस्त्यावर थांबावं लागलं ते बहुतेक वेळा इंजिनाच्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे. इंजिनाने फार क्वचित त्रास दिला.

आधी गाडीची जात समजून घ्या. हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फने काढली. आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचा. १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती आपल्याकडे बनवू लागली. त्या सुमाराला बहुतेक छोट्या गाड्या चासी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, सोडून एकसंध बॉडीकडे वळल्या होत्या. हेरल्डने चासी वेगळी ठेवली आणि तिच्यावर बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टने आवळली. छतसुद्धा बोल्टवरच. म्हणून तर आपल्याकडे इतक्या हेरल्ड ओपन झाल्या. पाने घेऊन दोघं जण बसले की एका दुपारीत छत खाली उतरतं. एकसंध बॉडीच्या गाडीचं छत कापलं तर ती मधोमध खचते. हेरल्डचं तसं होत नाही, कारण भार चासीवर असतो.

पण चासी शाबूत असेल तरच. मधल्या दोन मुख्य बीमपासून बाहेर निघालेले हात असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. बॉडी त्यांच्यावर बसते आणि गंज तिथंच आधी लागतो, कारण चाकांनी उडवलेला चिखल नेमका तिथं साठतो. वरून रंग चकचकीत असला तरी आत पापुद्रे सुटलेले असू शकतात. छत नसलेल्या गाडीत हे ओळखायची माझी साधी रीत आहे. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या फटीत वरून आगकाडी सरकवून बघा, कितपत जागा आहे ते लक्षात ठेवा. मग दाराच्या मागे, चासीखाली जॅक लावून ती बाजू उचला आणि तीच आगकाडी त्याच जागी परत घाला. फट तशीच राहिली तर चासी जिवंत आहे. आगकाडी अडकली किंवा सैल पडली, किंवा दार उघडताना खालून घासायला लागलं, तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी चासीचं वेल्डिंग. तेही बॉडी चासीवर असताना, दारं बंद ठेवून आणि फटी मापत मापत करायचं. नाहीतर चासी वाकड्या मापात पक्की होते आणि दारं कधीच नीट लागत नाहीत.

आता इंजिन. मामांनी निवड चांगली केली आहे. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेत बसतं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) वेगळी, एका छोट्या शाफ्टने जोडलेली असते. त्यामुळे ट्रान्सफर केस बाजूला काढली की मागच्या चाकांवर चालणारी पाच गिअरची सरळ जोडणी मिळते. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, म्हणून हेरल्डच्या बिडाच्या इंजिनापेक्षा पुढचं वजन वाढत नाही. मूळ ९४८ सीसीच्या इंजिनाची ताकद ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास. हे १६ व्हॉल्व्हचं इंजिन ८० देतं.

खरा फायदा मात्र ताकदीचा नाही, मे महिन्याचा आहे. जुन्या इंजिनावर पेट्रोलचा यांत्रिक पंप थेट तापलेल्या ब्लॉकला चिकटलेला असतो आणि कार्ब्युरेटर सायलेन्सरच्या फाट्यांच्या डोक्यावर. दुपारी काळा घोड्याच्या सिग्नलला बाहेर ४३ अंश असताना चार मिनिटं उभं राहिलं की पाइपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत राहतो आणि गाडी बंद पडते. ओलं फडकं पंपावर ठेवून उभे राहिलेले कितीतरी फियाट आणि हेरल्डवाले मी पाहिलेत. फ्युएल इंजेक्शनमध्ये पंप टाकीकडून तीन बारच्या आसपास दाबाने पेट्रोल ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, आणि परतीच्या नळीने ते सतत टाकीत जात राहिल्याने एका जागी तापतही नाही. माझ्या घरच्यांनी या गाडीत बसायला सुरुवात केली ती या बदलानंतर. त्याआधी माझी बायको म्हणायची, "जाताना तुमच्या गाडीने जाऊ, येताना रिक्षाने."

दुसरा फायदा पाचव्या गिअरचा. हे आकड्यांत सांगतो, कारण तुमच्या गाडीत कोणता डिफरन्शियल (मागच्या चाकांमधली दात्यांची पेटी) आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. ९४८ सीसीच्या हेरल्ड सलूनला ४.८७५ चा क्राउन-पिनियन (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तितके फेरे) यायचा, पुढे इंग्लंडातल्या ११४७ सीसीच्या हेरल्डला ४.११ चा. १५५/८० आर १३ टायर धरला तर ४.८७५ वर मूळ चार गिअरच्या गाडीला ताशी १०० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला जवळपास ४,५०० फेरे लागतात. इंजिन ओरडतं आणि बोलणं ऐकू येत नाही. ४.११ आणि जिप्सीचा ०.७९५ चा पाचवा गिअर असेल तर तोच वेग ३,००० फेऱ्यांत मिळतो. उघड्या गाडीत हा फरक कानाला आणि डोक्याला कळतो. कोणता डिफरन्शियल बसलाय ते खोलून बघायची गरज नाही. एक मागचं चाक जमिनीवर ठेवा, दुसरं उचला, गाडी न्यूट्रलमध्ये. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्यावर, खडूने रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते कुणाला तरी मोजायला सांगा. चारपेक्षा किंचित जास्त भरले तर ४.११, पाचला थोडे कमी पडले तर ४.८७५.

इथवर सगळं छान. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

८० हॉर्सपॉवरचं इंजिन १९५९ सालच्या चाकांवर, ब्रेकवर आणि पाट्यांवर बसलं आहे. इंजिन बसवून देणारा बहुतेक वेळा इंजिनावर थांबतो, कारण गिऱ्हाइकाला तेवढंच दिसतं. बॉनेट उघडली की चकचकीत काम, चावी फिरवली की पहिल्या सेल्फला चालू. खाली वाकून कोण बघतो?

हेरल्डच्या पुढच्या चाकाचा सगळा भार खाली एका पितळी तुकड्यावर येतो. त्याला ट्रनियन म्हणतात. चाक धरून ठेवणारा पोलादी उभा दांडा खालच्या टोकाला आटे पाडून या पितळी तुकड्यात फिरवून बसवलेला असतो. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. या आट्यांना नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. कंपनीच्या पुस्तकातही ऑइलच सांगितलं आहे. पण निपल दिसलं की आपल्याकडे ग्रीस गन लावतात. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत उतरत नाही, वरच घट्ट होऊन बसतं, आणि खाली पाणी शिरून दांड्याला गंज धरतो. गंजलेला आटा म्हणजे तुटण्यासाठी आखून ठेवलेली रेघ.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राची हेरल्ड मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, एका कारखान्याच्या फाटकातून वळताना, समोरचं डावं चाक आत दुमडून बसली. वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडा जास्त, म्हणून कुणाला काही झालं नाही. मी पोचलो तेव्हा बंपर जमिनीला टेकलेला आणि चाक मडगार्डच्या आत पालथं पडलेलं. तुटलेला दांडा हातात घेतला. तुटल्या जागेचा तीन-चतुर्थांश भाग काळपट तांबडा होता, म्हणजे तिथला तडा कित्येक महिने जुना. उरलेला चतुर्थांश चांदीसारखा पांढरा, म्हणजे तेवढ्यावरच ते चाक त्या सकाळपर्यंत उभं होतं. पितळी तुकड्यातून बोटाने काढलं तर पिवळं, वाळलेलं ग्रीस निघालं, साबणाच्या वडीसारखं. मित्र दर दोन महिन्यांनी एका गॅरेजात इमानेइतबारे ग्रीसिंग करून घेत होता. आदल्याच आठवड्यात तो याच गाडीने हालोलला जाऊन आला होता. तो रस्ता आणि तो वेग डोळ्यांसमोर आला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तेव्हा तुमची गाडी आली की पहिलं काम हे. दोन्ही दांडे आणि दोन्ही ट्रनियन काढून घ्या, आटे केरोसीनने धुऊन उन्हात नीट बघा, खड्डे दिसले तर चर्चा नको, नवे बसवा. ते इंग्लंडहून मागवावे लागतात आणि मिळतात. त्यानंतर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ऑइल गनने नव्वद नंबरचं ऑइल, वरून बाहेर गळेपर्यंत. गॅरेजवाल्याला तोंडी सांगून भागत नाही. माझ्या गाडीत पुढच्या पत्र्याला आतून तांबड्या रंगाने "इथे ऑइल, ग्रीस नाही" असं लिहून ठेवलंय. हेरल्डची अख्खी बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते आणि टायरवर बसून काम करता येतं. जो कुणी तिथं बसेल त्याच्या नाकासमोर ते येतं.

दुसरी गोष्ट मागे. हेरल्डची मागची चाकं एका आडव्या पाट्याला टांगलेली आहेत आणि दोन्ही एक्सल डिफरन्शियलपाशी सांध्यावर वरखाली झुलतात. वळणावर वेगात असताना घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर गाडीची पाठ उचलते, चाकं खालून आत येतात आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. ३५ हॉर्सपॉवरमध्ये माणूस त्या वेगापर्यंत क्वचित जायचा. ८० मध्ये रोज जातो. ट्रायम्फने स्वतः १९७० साली आपल्या स्पिटफायर मार्क ४ या स्पोर्ट्स गाडीत यावर उपाय केला: पाट्याचं फक्त एकच पान डिफरन्शियलला घट्ट धरलं आणि बाकीची पानं मधल्या खिळीवर झुलती ठेवली, म्हणजे गाडी एका बाजूला झुकली तरी पाटा चाकांना ओढत नाही. तो पाटा हेरल्डला बसतो. आपल्याकडच्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये तर कंपनीने झुलते एक्सल काढून सरळ एक्सलच दिला. मी झुलता पाटा बसवलाय आणि तुम्हीही बसवा. तोवर एक सवय लावून घ्या: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर, बाहेर पडताना हलकेच रेस. पाट्याच्या वरची पानं जॅक लावून, खिळी काढून धुवायची असतात. पानांत गंज चढला की झुलता पाटाही झुलत नाही.

ब्रेक: पुढे ड्रम असतील तर डिस्क करून घ्या, स्पिटफायरचे बसतात. मास्टर सिलिंडर दोन खान्यांचा, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी दोन चाकं धरतील. तीन वर्षं उभ्या गाडीतले चाकांचे सिलिंडर हमखास चिकटलेले असतात. गाडी चालू करायच्या आधी ब्रेक, आणि टायर कितीही नवे आणि काळेभोर दिसले तरी त्यांच्यावरची तारीख वाचून ठरवा.

आता इंजिनाच्या कडेच्या गोष्टी. ट्रान्सफर केस काढली की जिप्सीची स्पीडोमीटरची केबल जाते, कारण ती तिथूनच निघते. कित्येक गाड्यांत काटा शून्यावर पडून असतो आणि मालक म्हणतो चालायचंच. उघड्या गाडीत वाऱ्यामुळे वेगाचा अंदाज चुकतो, साठ असताना ऐंशी वाटतो आणि थोड्या दिवसांनी सवय झाली की उलट. मी प्रोपेलर शाफ्टला सेन्सर लावून जुन्या स्मिथ्स कंपनीच्या डायलच्या आत नवा मोटरवाला काटा बसवून घेतला, दिसायला तेच. प्रोपेलर शाफ्टही बघा. इंजिनासाठी तो कापून लांबी बदललेली असणार, आणि बॅलन्स केला नसेल तर साठ-सत्तरच्या वेगाला सीटखाली थरथर जाणवते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांशी समांतर नसले तरी तीच थरथर येते. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस कितीही नवे टाका, महिनाभरात परत खडखडतील. इंजिनाचे फाउंडेशन रबर तेलाने फुगले असतील तर बदला.

टाकी. हेरल्डची टाकी डिकीत एका बाजूला, आतून मोकळी, आडपडदे नसलेली. कार्ब्युरेटरला ते चालायचं, कारण फ्लोट चेंबरात घोटभर पेट्रोल शिल्लक असतं. इंजेक्शनच्या पंपाने एक क्षण हवा ओढली तरी इंजिन अडखळतं. पाव टाकीवर लांब वळण घेताना गाडी मिसिंग करत असेल तर प्लग बदलत बसू नका, पेट्रोल टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलंय एवढंच कारण. टाकी आणि पंपाच्या मध्ये अर्धा-एक लिटरचा छोटा सर्ज टँक बसवला की प्रश्न मिटतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इंजेक्शन नळ्या त्याला चालणाऱ्या, जास्त दाबाच्या असायला हव्यात. साधी काळी नळी आतून सोलत जाते आणि तिचे कण इंजेक्टरमध्ये अडकतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तीन वर्षं पडलेलं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा, टाकी उतरवून आत टॉर्चने बघा. पंपाला रिले आणि अपघातात प्रवाह तोडणारा स्विच आहे का ते वायरमनला दाखवायला सांगा. उघड्या गाडीत, डिकीतल्या टाकीपासून तुमच्या पाठीचं अंतर फार नाही.

कूलंट: ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोअरचं पाणी एक दिवसही नको. आपल्याकडचं पाणी जड आहे, आत पांढरे थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दोन वर्षांनी बदल. पंखा विजेचा, मोठा, आणि त्याला डॅशबोर्डवर हाताने चालू करायचा एक वेगळा स्विच. टायमिंग बेल्टचं वय विचारा. कुणी ठामपणे सांगू शकलं नाही तर नवा टाका.

आणि वायरिंग. माझ्या गाडीचं पहिलं वायरिंग एका नावाजलेल्या ठिकाणाहून करून घेतलं होतं. त्यांनी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डाव्या सीटच्या पायाशी, गालिच्याखाली ठेवला. पहिल्याच पावसाळ्यात, हूड (घडीचं कापडी छत) लावलेलं असताना, पावागडच्या वाटेवर गाडी धाप लागल्यासारखी होऊन बंद पडली. गालिचा उचलला तर खाली स्पंजमध्ये पाणी भरलेलं. ईसीयूचा कनेक्टर सोडवला, तर पिनांच्या रांगेत दोन पिना गंजून हिरव्या. रुमालाच्या टोकाने पुसल्या, फुंकर घातली, तासभर बॉनेट उघडून ठेवली आणि कसाबसा घरी आलो. दुसऱ्याच दिवशी ईसीयू डॅशबोर्डच्या आत, वर, कनेक्टर खालच्या बाजूला ठेवून बसवला. वायर खाली झुकवून मग वर नेली, म्हणजे पाणी आलं तरी वायरीवरून ओघळून खाली पडेल, कनेक्टरात शिरणार नाही. तुमचा ईसीयू कुठे आहे ते बघा, आणि इंजिन ते चासी अशी जाड अर्थिंगची तार आहे का तेही. पुढचे दिवे मंद असतील तर दोष बहुतेक उलटणाऱ्या बॉनेटच्या बिजागरीपाशी सापडतो. तिथून अर्थिंग नीट होत नाही, वेगळी तार टाका.

आता बडोद्यात बारा महिने कसे जातात ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या गाडीचे दिवस. रविवारी पहाटे आजवा रस्त्याने निघून सयाजी सरोवरापर्यंत जाऊन यायचं, हूड खाली, गळ्याला मफलर. धुक्यात ओल्या शेतांचा वास येतो, तो बंद गाडीत कधी कळत नाही. मात्र डिसेंबर लागला की आकाशाकडे लक्ष ठेवा. इथं उत्तरायणाचे पतंग महिनाभर आधी सुरू होतात आणि कटलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा, गळ्याच्या उंचीला लोंबतो. दुचाकीवाले पुढे तारेची कमान लावतात ती त्यासाठीच. उघड्या मोटारीत काच खाली आणि डोकं वर असतं. मी साधारण २० डिसेंबरपासून १५ जानेवारीच्या वाशी उत्तरायणापर्यंत शहरात हूड उतरवत नाही, कितीही छान ऊन असलं तरी. तुम्हीही हा नियम मोडू नका.

मार्च ते जून सकाळी नवाच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. दुपारी उघड्या गाडीत स्टिअरिंगला हात लावता येत नाही. हूडचं कापड उन्हाने वर्षभरात कडक होतं, म्हणून गाडी सावलीत किंवा सुती कव्हरखाली. प्लास्टिकचं कव्हर नको, त्याखाली घाम धरतो. मागची पारदर्शक खिडकी घडी करताना मध्ये जुनं मऊ धोतर किंवा सुती साडीचा तुकडा ठेवा, म्हणजे चरे पडणार नाहीत. कुशनवाला नवं हूड शिवताना शिवणी वरून टेप लावून बंद करतो का ते उभं राहून बघा. पाणी कापडातून येत नाही, सुईच्या भोकातून येतं.

पावसाळ्यात चालवता येते, फक्त हूड ओलं असताना कधीही घडी करून ठेवू नका. दोन दिवसांत बुरशी आणि आठवड्यात तो वास, जो पुढे वर्षभर जात नाही. पाणी साचलेल्या रस्त्यावर ही गाडी घालू नका, हेरल्ड बुटकी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ज्यांच्या गाड्या तळमजल्यावर होत्या त्यांचे इंजिनापेक्षा वायरिंगचे हाल जास्त झाले. माझी गाडी मी आदल्या दिवशीच उंचावरच्या एका नातेवाइकाच्या अंगणात नेऊन ठेवली होती. पाऊस जोराचा लागला आणि आजव्याच्या सरोवराची पातळी वाढल्याच्या बातम्या आल्या की आता तोच माझा रिवाज आहे.

अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर, तो ९३ किलोमीटरचा सरळ रस्ता, मला विचाराल तर नको. गाडी सहज जाईल. पण छत नाही, ट्रकांच्या वाऱ्याने गाडी हलते, आणि सीटचे पट्टे चासीला बोल्ट केलेले नसतील तर अपघातात तुम्हाला धरायला काहीच नाही. पट्टे चासीपर्यंत नेऊन बसवा, नुसत्या फ्लोअरच्या पत्र्याला नकोत. मागच्या सीटवर लहान मुलांना बसवू नका.

राहिले कागद, आणि यात मी तुम्हाला कडक शब्दांत सांगणार आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीमधल्या नोंदी आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यात कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे आणखी घट्ट केलं. तुमच्या गाडीत दोन बदल आहेत, इंजिन आणि छत. आधी आरसी काढून इंजिन नंबर आणि बॉडीचा प्रकार वाचा. मामांनी त्या वेळी आरटीओत नोंद करून घेतली असेल तर त्या कागदाची किंमत इंजिनापेक्षा जास्त आहे, दोन प्रती काढून ठेवा. नोंद नसेल तर गाडी बडोद्याला आणायच्या आधी इंदूरच्या आरटीओत जाऊन लेखी काय होतं ते बघा. "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही" या भरवशावर राहू नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच ताडून बघते. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथं नव्याने नोंदणी लागते, आणि तेव्हा हा प्रश्न समोर येणारच.

मूळ इंजिन परत बसवण्याच्या तुमच्या विचाराला इथं अर्थ आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले: ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आज तुमची गाडी त्यात बसत नाही. मूळ इंजिन आणि छत बसवलं तर तिला तो रस्ता मोकळा आहे. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती ती रस्त्यावर आणायची. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथं मी तीन दिवस फिरलो. मूळ बोल्टाच्या डोक्यावरचा शिक्कासुद्धा परीक्षक वाकून बघत होते. त्या जगात तुमच्या-माझ्या गाडीला जागा नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. कुणीतरी मूळ रूप जपायलाच हवं. तुम्हाला आजोबांची गाडी नेहमी चालवायची असेल आणि कागद सरळ होत असतील, तर जिप्सीचं इंजिन ठेवा. कागद सरळ होत नसतील तर मूळ इंजिन बसवा आणि ती गाडी रविवारची, सणावाराची म्हणून ठेवा. दोन्ही निर्णयांत गाडीचा मान राहतो.

म्हणून मूळ इंजिन कुठे आहे ते आजच शोधा. भंगारात दिलं नसेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल ओता, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, प्लग परत बसवा, सगळी तोंडं चिंध्यांनी बंद करून लाकडी फळ्यांवर ठेवा. ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळतो का ते टॉर्चने वाचून फोटो काढा. आणि चासीला मामांनी कुठे कापलंय का ते बघा. इंजिनासाठी नुसते ब्रॅकेट बोल्टने लावले असतील तर सगळं मागे फिरवता येतं. बीम कापला असेल तर मागे फिरणं अवघड, तेव्हा तो निर्णय इथंच संपतो.

इंदूर ते बडोदा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तीन वर्षं उभी असलेली गाडी चालवत आणू नका, कितीही मोह झाला तरी. टेम्पोवर चढवून, चाकांना पट्टे बांधून आणा. जुनं इंजिन, त्याचा कार्ब्युरेटर आणि काढलेलं छत याच फेरीत आणा. छताचे बोल्ट वेगळे असतात, बाजारात त्या मापाचे सहजी मिळत नाहीत. माझ्या गाडीचे डिकीत स्टेपनीच्या खाली, तेलकट कापडाच्या पुरचुंडीत सापडले होते. तुम्हीही आधी तिथंच बघा.